आवडत्या लेखकाची नावडती कादंबरी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘वाचनाची गोडी’ या विषयावर मी बोलावे असे कळविण्यात आले होते. या विषयावरची भाषणे तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. पुस्तके आपले मित्र असतात, पुस्तकांनी माणूस घडतो, वगैरे वगैरे. ते सारे खरेच आहे. पण मित्र म्हटला की त्याच्याशी कधी तरी खटका उडायचाच, आणि त्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. म्हणून आज मी वाचकाच्या नाराजीविषयी बोलणार आहे. ज्या लेखकावर आपला जीव जडला आहे त्याचेच एखादे पुस्तक हाती यावे, मोठ्या आशेने ते उघडावे आणि मिटताना मन खट्टू व्हावे, असे झाले म्हणजे वाचकाने काय करावे?

माझ्यापुरते सांगायचे तर तो लेखक म्हणजे डेप्युटी नझीर अहमद, आणि ती कादंबरी म्हणजे ‘तौबत-उन-नसूह’.

ज्यांच्या घरात उर्दू आहे त्यांनी डेप्युटीसाहेबांचे नाव नानी-दादीच्या तोंडून ऐकले असेल. ज्यांच्या घरी मराठीच बोलली जाते, आणि आपल्यात अशी घरे थोडीथोडकी नाहीत, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. बिजनौर जिल्ह्यातल्या एका गरीब घरचा हा मुलगा. दिल्लीला शिकायला आला तेव्हा पंजाबी कटऱ्याच्या मशिदीत राहून, घरोघर फिरून रोटीचे तुकडे गोळा करून शिकला. मौलवीसाहेबांच्या घरी त्याला मसालाही वाटावा लागे. हात जरा थांबला की त्या घरातली एक लहान मुलगी वरवंटा त्याच्या बोटांवर मारी. पुढे त्याच मुलीशी त्याचे लग्न झाले! हा किस्सा त्यांचे शिष्य मिर्झा फर्हतुल्ला बेग यांनी आपल्या उस्तादांवरच्या लेखात लिहून ठेवला आहे, आणि तो मुळातूनच वाचण्यासारखा आहे. हा मुलगा दिल्ली कॉलेजात शिकला. मुलाने इंग्रजी शिकावे हे वडिलांना मंजूर नव्हते, तेव्हा ती भाषा त्याने पुढे स्वतःच्या हिमतीवर मिळविली. भारतीय दंडसंहितेचा उर्दू तर्जुमा करणाऱ्यांत तो होता. तो डेप्युटी कलेक्टर झाला, हैदराबाद संस्थानातही त्याने नोकरी केली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. कुराणशरीफाचा बोलत्या उर्दूतला त्यांचा तर्जुमाही प्रसिद्ध आहे. १९१२ साली त्यांचे निधन झाले.

असा हा माणूस कादंबरीकार झाला तो घरच्या गरजेपोटी. आपल्या मुलींना वाचायला देण्याजोगे पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. त्यातून ‘मिरात-उल-उरूस’, म्हणजे नवरीचा आरसा, हे पुस्तक तयार झाले. १८६८ साली वायव्य प्रांताच्या सरकारने देशी भाषांतल्या उपयुक्त पुस्तकांना बक्षिसे जाहीर केली होती. १८६९ साली निघालेल्या या पुस्तकाला एक हजार रुपयांचे बक्षीस मिळाले. त्या काळचे एक हजार रुपये, बरे का!

गोष्ट दोन बहिणींची आहे. थोरली अकबरी, धाकटी असगरी. दोघी एकाच घरात दोन भावांना दिल्या. अकबरी लाडावलेली, तोंडाळ, सासरी वेगळी चूल मांडून बसते. हजला जाऊन आल्याची बतावणी करणारी एक बाई दारात येते, स्वस्तात चार जिन्नस देऊन तिचा विश्वास मिळवते आणि शेवटी तिचे दागिने घेऊन पसार होते. असगरी शहाणी. सासरी आल्यावर ती आधी गप्प राहून घर बघते. मामा अझमत नावाची जुनी मोलकरीण बाजारहाटात वर्षानुवर्षे कसा हात मारीत आली आहे ते हिशेबानिशी उघड करते, नवऱ्याला मार्गाला लावते आणि घरातच मुलींसाठी मकतब सुरू करते. लिहिता-वाचता येणारी, हिशेब ठेवणारी मुसलमान बाई कथेची नायिका होते, तीही दीडशे वर्षांपूर्वी! दिल्लीच्या जनान्यातली बोली तर अशी उतरली आहे की पडद्याआडून ऐकतो आहोत असे वाटावे. खासगीत एक सांगतो: वाचणाऱ्या मुली मान असगरीला देतात, पण हसतात अकबरीच्या भागात. डेप्युटीसाहेबांना हे ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही.

बोधासाठी कादंबरी लिहिण्याची रीत काही एकट्या उर्दूची नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात ती बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची, म्हणजे ‘मिरात’च्या बारा वर्षे आधीची. तीही विधवांच्या हालांवर समाजाचे डोळे उघडण्यासाठीच लिहिलेली. तेव्हा हेतूबद्दल माझी काही तक्रार नाही. हेतूवर रागवायचे तर आपल्या संस्थेवरही रागवावे लागेल.

‘मिरात’नंतर ‘बनात-उन-नाश’ आली. आकाशातल्या सप्तर्षींचे हे अरबी नाव. असगरीच्या मकतबात हुस्नआरा नावाची एका बड्या घरची लाडावलेली मुलगी येते आणि सुधारते, एवढीच कथा. बाकी सारे पाठ. पृथ्वी गोल कशी, लोहचुंबक काय करतो, हवेला वजन असते का, हे सगळे मुली एकमेकींना समजावून सांगत बसतात. असगरीची पुढची हकीकत कळेल या आशेने पुस्तक उघडणाऱ्याला भूगोलाच्या तासाला बसवून घेतल्यासारखे होते. ही निराशा साधी आहे, कंटाळ्याची आहे. चार पाने उलटून पुढे जाता येते, लेखकावरचे प्रेम काही कमी होत नाही.

‘तौबत-उन-नसूह’ने होणारी निराशा निराळी आहे, कारण त्या कादंबरीत कंटाळा कुठेच येत नाही. कथा-रचनेच्या दृष्टीने ती ‘मिरात’च्याही वरचढ आहे. नावातच श्लेष आहे: तौबा-ए-नसूह म्हणजे खरी, अंतःकरणापासूनची तौबा. ही संज्ञा कुराणशरीफातली, आणि नसूह हेच कथानायकाचे नाव. दिल्लीत कॉलऱ्याची साथ आहे, घरोघर माणसे मरताहेत. नसूहलाही दुखणे गाठते. औषधाच्या गुंगीत त्याला स्वप्न पडते की हशराच्या कचेरीत त्याचे वारलेले वडील, जे जगात मोठे दीनदार म्हणून गाजलेले, ते आरोपी होऊन हिशेब देत उभे आहेत. नसूह दचकून जागा होतो. दुखण्यातून उठतो तो निराळाच माणूस होऊन उठतो. आपण तर बिघडलोच, पण बायकामुलांनाही आपणच बिघडविले, आता घर सुधारायचे, असा तो निश्चय करतो. बायको फहमीदा त्याच्या बाजूची होते. धाकटी हमीदा आणि सलीम लहान आहेत, ती वळतात. मधला आलिम वळतो. अडचण येते ती दोघा थोरल्यांची, लग्न झालेली नईमा आणि सर्वांत मोठा मुलगा कलीम.

कलीम शायर आहे. शतरंज, गंजिफा, पतंग, मुशायरे यांत त्याचे दिवस जातात. बाप निरोपावर निरोप पाठवतो, हा भेटायला जात नाही. धाकट्या भावाशी आणि आईशी तो जो वाद घालतो तो वाचून पाहा. मी आता जाणता झालो आहे, माझे बरेवाईट मला कळते, लहानपणी शिकवायचे ते शिकवले नाही आणि आता एका दुखण्याने तुमचे मन फिरले म्हणून माझेही त्याच दिवशी फिरावे काय, असे त्याचे म्हणणे. लेखकाला हे म्हणणे पटत नाही. पण ते त्याने किती ताकदीने मांडू दिले आहे! शेवटी कलीम रात्रीच घर सोडतो आणि मिर्झा जाहिरदार बेग या दोस्ताकडे जातो. या मिर्झाने आपली मोठी हवेली असल्याचे भासविलेले. प्रत्यक्षात तो हवेलीच्या मागे एका खुराड्यात राहतो. तो कलीमला एका ओसाड, वटवाघळांनी भरलेल्या मशिदीत नेऊन टाकतो आणि भुकेल्या कलीमसाठी मूठभर फुटाणे घेऊन येतो. त्या फुटाण्यांची तारीफ मात्र अशी करतो की कोणा बादशहाच्या दस्तरखानावरचा खास पदार्थच पुढे ठेवला आहे! उर्दू गद्यात याहून सरस विनोदी प्रसंग मला तरी चटकन आठवत नाही.

आता नाराजीच्या जागेकडे येतो. कलीम गेल्यावर नसूह त्याच्या खोल्या उघडतो. एक बैठकीची, एक निवांत बसायची. तिथे उत्तम बांधणीची पुस्तके कपाटात लावलेली आहेत. नसूह ती पाहतो आणि ठरवतो की ही सारी जाळण्याच्या लायकीची आहेत. ती जाळली जातात. त्यांत ‘फसाना-ए-अजायब’ आहे, आतिशचे काव्य आहे. आतिश या तखल्लुसाचा अर्थच आग. त्या बिचाऱ्याच्या पुस्तकाने आगीत कसे जावे याचाही डेप्युटीसाहेबांच्या खोडकर मनाने विचार केला असेल, कोण जाणे. आलिमही आपल्याकडची पुस्तके आणून आगीत टाकतो. फहमीदाला आश्चर्य वाटते, तेव्हा गुलिस्तानची गोष्ट निघते. नसूहनेच तिला गुलिस्तान शिकविली होती. पण ती कशी, तर कुठे ओळी खोडून, कुठे कागद चिकटवून. शेख सादींचा हा हाल, तर मग बाकीच्यांनी तक्रार ती कोणाकडे करायची!

कोणी म्हणेल, कादंबरीतल्या बापाने पुस्तके जाळली, त्यात लेखकाचा काय दोष? कादंबऱ्यांत खूनही होतात. आक्षेप वाजवी आहे. पण कादंबरी वाचताना लेखक कोणाच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे हे कळत असते. इथे तो नसूहच्या खांद्यावर हात ठेवून आहे. जाळणाऱ्याला कोणी अडवीत नाही, नंतरही त्याला खंत वाटत नाही. कलीमने वर मांडलेल्या सवालांना उत्तर म्हणून आधी ही आग मिळते, मग एकामागून एक फजिती. तो चोर समजून पकडला जातो, पुढे कर्जापायी तुरुंगात जातो, दौलताबाद नावाच्या संस्थानात जाऊन फौजेत शिरतो, जखमी होऊन दिल्लीला परत येतो आणि पश्चात्ताप करीत मरतो. वादात जो हरत नव्हता त्याला लेखकाने मारून हरविले. माझी तक्रार एवढीच आहे. ज्या कलमाने अकबरीला सुद्धा जगू दिले, त्याने कलीमला जगू दिले नाही.

आणि गंमत पाहा, आलिमचे मन कशाने पालटलेले असते? एका पाद्र्याने दिलेल्या एका पुस्तकाने! म्हणजे पुस्तक माणसाला वळण लावू शकते हे याच कादंबरीत लिहिलेले आहे. तेही परक्या धर्माच्या माणसाकडून आलेल्या पुस्तकाने, आणि डेप्युटीसाहेबांनी ते मोकळ्या मनाने लिहिले आहे. एका मुलाला पुस्तक तारते आणि दुसऱ्याची पुस्तके भट्टीत जातात. एवढा चतुर लेखक, त्याला हा विरोध दिसला नसेल काय? मला वाटते दिसला असेल. पण बक्षिसाच्या आणि बोधाच्या पुस्तकात बापाला चुकलेला दाखविणे त्यांना जड गेले असेल. बापाच्या नकारावर मात करून जो इंग्रजी शिकला, मोलमजुरी करून जो पढला, त्याने बापाच्या आज्ञेबाहेर जाणाऱ्या मुलाला इतके कठोर का व्हावे? की कठोर होण्याचे कारणच ते होते? फर्हतुल्ला बेगांच्या लेखातले डेप्युटीसाहेब हसरे आहेत, गप्पिष्ट आहेत, अरबी काव्य शिकवताना रंगून जाणारे आहेत. त्या माणसाच्या घरात कलीमला नक्कीच जागा मिळाली असती.

आणखी एक गोष्ट जड मनाने सांगावी लागते. उतारवयात डेप्युटीसाहेबांनी ‘उम्महात-उल-उम्मा’ हे पुस्तक लिहिले. हेतू चांगला होता, इस्लामवर होणाऱ्या टीकेला उत्तर देण्याचा. पण उम्महात-उल-मोमिनीन यांच्याविषयी लिहितानाही दिल्लीच्या बोलीतले घरगुती वाक्प्रचार त्यांच्या लेखणीतून सुटले, लोकांची मने दुखावली. त्या दुखावण्यात खोटे काही नव्हते. मोठा गहजब झाला आणि त्या पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या. ज्याने आपल्या कथेत कपाटभर पुस्तके जाळविली, त्याने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत स्वतःचे पुस्तक जळालेले पाहिले. यात त्यांना चिमटा काढण्याचा माझा हेतू नाही. मला हे वाचून वाईटच वाटते.

पालकांनो, आता थोडे तुमच्याशी. आपल्यातल्या कित्येक घरांत शाळेच्या पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक पहिल्यांदाच शिरते आहे. मुलगी अभ्यासाच्या पुस्तकात कादंबरी लपवून वाचते हे ध्यानात आले की घरात काहूर माजते. तुमची काळजी मला कळते. फी भरताना काय यातायात होते, हेही ठाऊक आहे. आणि नसूहची काळजीसुद्धा खोटी नव्हती. कलीम काही आदर्श मुलगा नाही. बापाच्या जिवावर मौज करणारा, गर्विष्ठ, नोकरांवर गुरकावणारा, दोस्त ओळखण्यात कच्चा. माझ्या घरी असता तर मलाही झोप आली नसती. पण त्याच्या कपाटात काय होते ते नसूहने आधी कधी उघडून पाहिले होते काय? मुलगा वीस-बावीस वर्षांचा होईपर्यंत तो काय वाचतो हे बापाला माहीत नाही, आणि माहीत झाले त्याच दिवशी आग! कपाट दहा वर्षे आधी उघडले असते, दोन पुस्तके स्वतः वाचली असती, तर त्या घरात निदान भांडण तरी अर्थपूर्ण झाले असते. मुलीच्या हातची कादंबरी ओढून घेण्यापूर्वी तिच्याकडूनच ती गोष्ट ऐकून घ्या. पसंत पडली नाही तर तसे सांगा, कारणासकट सांगा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही कारणासकट सांगायला शिका. “बोअर आहे” हे मत झाले नाही. परीक्षेत मात्र उलटे होते: मोठ्या लेखकाचे नाव आले की तुम्ही ‘हृदयस्पर्शी’, ‘अजरामर’ असे शब्द ओतता, पुस्तक आवडले की नाही हे स्वतःलाही विचारीत नाही. मोठ्या माणसाचे पुस्तक मनास आले नाही असे म्हणण्यात बेअदबी नाही. अदब राखून म्हणावे, पुस्तक पुरते वाचून म्हणावे, आणि कोणत्या पानावर मन फिरले ते दाखवून म्हणावे. मी ‘तौबत-उन-नसूह’ एकदा वाचून बाजूला ठेवली असती तर मला फक्त राग आठवला असता. पुन्हा वाचली तेव्हा आलिमचे पुस्तक दिसले, गुलिस्तानवरचे चिकटवलेले कागद दिसले. नाराज करणारे पुस्तक दुसऱ्यांदा वाचायला थोडा धीर लागतो, आवडते पुस्तक काय, कोणीही दहादा वाचील. ज्यांना उर्दू येत नाही त्यांच्यासाठी सांगतो की केम्पसन यांनी ‘तौबत-उन-नसूह’चे इंग्रजी भाषांतर १८८४ साली केले, आणि वॉर्ड यांनी ‘मिरात’चे १९०३ साली.

दुसऱ्या वाचनात आणखी एक गोष्ट दिसते, ती नईमाची. तीही कलीमइतकीच हट्टी. आईच्या तोंडाला लागते, आईची चपराक खाते, तान्हे मूल घेऊन रुसून बसते, जेवत नाही. तिच्यासाठी कोणी आग पेटवीत नाही. तिची मावसबहीण सालेहा येते. ती वाद घालीत नाही, उपदेशाचा पाढा वाचीत नाही. आधी तिला जेवायला घालते, मग आपल्या घरी घेऊन जाते. त्या घरातली माणसे जशी राहतात तशी नईमा काही दिवस पाहते, आणि तिचे मन आपोआप वळू लागते. हा भाग कादंबरीत थोडक्यात आटोपला आहे, वाचकांच्या लक्षातही फारसा राहत नाही. पण लेखकाला दुसरी वाट माहीत होती. ती त्याने मुलीला दिली आणि मुलाला दिली नाही. असे का केले असावे, यावर माझ्याजवळ पक्के उत्तर नाही. कलीमला एखादी सालेहा भेटली असती तर त्याने तिचे ऐकले असते का, हेही मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी ही पुस्तके वाचली आहेत त्यांनी आपले म्हणणे मांडावे, माझे खोडून काढावे. अध्यक्षसाहेबांनी प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. पहिला प्रश्न मुलींच्या रांगेतून आला तर मला अधिक आनंद होईल.